ताईचा केसपेपर

सोमवार, ४ मार्च

नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा. मनात काय चाललंय ते तारीख घालून कागदावर उतरवलं की त्याचा आकार कळतो. म्हणून ही वही.

माझं वय एकोणपन्नास. मनाचा आजार जडला त्याला तेवीस वर्षं झाली. कधी मन उधाणतं आणि मी तीन-तीन रात्री झोपत नाही, कधी ते तळाला जाऊन बसतं आणि अंघोळ करणंसुद्धा डोंगर वाटतो. तीन वेळा दवाखान्यात राहून आले. शेवटच्या खेपेला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून लिथियमची गोळी आणि ताई या दोघींच्या जिवावर माझं बरं चाललंय.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होती, दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच निवृत्त झाली. लग्न दोघींचंही नाही. माझ्या गोळ्यांची डबी ती भरते, तपासण्यांच्या तारखा तिला पाठ. 

आणि आज मी कामाला गेले. अकरा वर्षांनी. शेवटच्या भरतीआधी जिथे होते त्याच बाइंडिंगखान्यात, अर्धा दिवस. मालक म्हातारे झालेत, पण टेबल तेच आहे. ताईला पटलेलं नाही. म्हणाली, "काम करायची एवढी खाज असेल तर घरात कपाटं आवरायची पडलीत, ठमे."

जाणारच.

गुरुवार, ७ मार्च

हात थरथरतात. गोळीमुळे. सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं लागली. मालकांनी सुई काढून घेतली आणि समोर छापील कागदांचा गठ्ठा ठेवला. घड्या घालायच्या, पट्टीने दाबायच्या, घडी झालेले फर्मे रचायचे. हे थरथरत्या हाताला जमतं, कारण पट्टी दाबली की हात आपोआप स्थिर होतो. दुपारपर्यंत दोनशे झाले. पूर्वी चारशे व्हायचे.

मालक म्हणाले, "दोनशे म्हणजे दोनशे. गेल्या आठवड्यात शून्य होते."

घरी आले तर ताई खुर्चीत झोपलेली. भर दुपारी. जन्मात कधी दुपारी पाठ न टेकणारी बाई. मी आले तरी उठली नाही, म्हणजे रागच असणार.

सोमवार, ११ मार्च

ताईने माझ्यावर पहारा बसवलाय. झोप कमी होणं ही माझ्या आजाराची पहिली खूण, हे तिला पक्कं माहीत आहे. म्हणून रात्रीतून तीन-चारदा उठते. पावलं वाजतात, बोळातून जातात, परत येतात. मी डोळे मिटून पडून राहते. झोपले असं वाटायला हवं ना. पण अशाने माझी झोप मोडते, हे त्या शहाणीला कोण सांगणार?

दुसरं म्हणजे, हिने घरात सपाता घालायला सुरुवात केलीय. घरात पायताण आणलं म्हणून पाहुण्यांनासुद्धा सुनावणारी ही. आठवडा झाला असेल, पाऊल उघडं ठेवत नाही. आवाज व्हावा म्हणून घालते की काय? "मी आहे हं, लक्ष आहे माझं" असा?

शुक्रवार, १५ मार्च

आज डबीत चूक. सकाळच्या खणात रात्रीची गोळी, तीही दोन. तेवीस वर्षांत ताईची अशी चूक झालेली नाही. मी दाखवलं तर डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "दिवा कमी आहे इथे." सकाळचे नऊ वाजले होते.

लिहू की नको असं चाललंय, पण लिहिते. मला वाटलं, ही मुद्दाम मला जास्त गोळ्या देतेय. मला गुंगी यावी, काम सुटावं. मग लगेच वाटलं, हा विचार माझा की आजाराचा? संशय हा असा पाहुणा आहे की दारात ओळखीचाच वाटतो. कामावर दिवसभर तेच डोक्यात. घड्या वाकड्या झाल्या.

यापुढे डबी मीच भरणार. ताई चक्क "भर" म्हणाली. भांडलीही नाही. 

पाण्याचा जार दुपारीच रिकामा होतो हल्ली. मी म्हटलं, "माझ्या गोळ्या तू खातेस की काय? एवढी तहान तर गोळीने मला लागते." हसली नाही.

बुधवार, २० मार्च

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, गोळीचं प्रमाण बघायचं आणि मनोविकार विभागात दाखवायचं. आज तो दिवस होता. ताई म्हणाली, "तू जा. माझा पाय दुखतोय." तेवीस वर्षांत तिने एक तारीख चुकवली नव्हती. हा बहिष्कार आहे, दुसरं काय. कामावर जायला लागलीस ना, मग जा आता एकटी.

गेले. केसपेपरची खिडकी, मग रक्ताची खिडकी, मग जुनी इमारत, तळमजला, लाकडी बाक. सगळं इतकं पाठ आहे की डोळे बांधून नेलं तरी पोचेन. त्या बाकाच्या समोरच मधुमेहाची खोली आहे. तिच्या दारावरचा तक्ता मी इतक्यांदा वाचलाय की पुढचं वाक्य आधीच ओठावर येतं.

प्रमाण ठीक आहे. थायरॉइडही ठीक. डॉक्टरीणबाईंना गोळ्यांच्या संशयाचं सांगितलं. बोलताना लाज वाटली. त्या म्हणाल्या, "संशय आला की त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही आणि त्याला लगेच हाकलायचंही नाही. तारीख घालून लिहा. काही दिवसांनी सगळं सलग वाचा, जणू दुसऱ्या कुणी लिहिलंय असं."

निघताना त्यांनी विचारलं, "ताई नाही आल्या? बऱ्या आहेत ना?"

मी म्हटलं, "तिला काय धाड भरलीय."

रविवार, २४ मार्च

कडाक्याचं भांडण झालं.

ताई चार दिवस वर्तमानपत्र उघडत नाहीये. म्हणते, छपाई खराब येते हल्ली. मी, छपाईतली बाई, तिला म्हटलं की छपाई उत्तम आहे, तुझंच कशात लक्ष नाही. ती म्हणाली, "लक्ष तुझ्यावर ठेवू की पेपरावर?" तिथून सुरू. मी म्हटलं, मला आजारी बघायलाच तुला आवडतं, मी बरी झाले तर तुला काम काय उरेल. मग पोलक्याची बाही चिमटीत धरून म्हणाली, "हे बघ, दोन बोटं ढिलं झालंय. तुझ्यापायी झिजले मी."

खरंच ढिलं झालंय. खांद्यावरून उतरतं.

मी बोलायला नको होतं. पण तिनेही नको होतं. दोघी वेगवेगळ्या खोल्यांत जेवलो. 

कुठेतरी उंदीर मेलाय. ताईच्या खोलीत वास येतो. तिला येत नाही म्हणे.

गुरुवार, २८ मार्च

तीनशे वीस फर्मे. मालकांनी सुई परत दिली. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून शिवायचं, त्यांनीच दाखवलं. वेळ लागतो, पण टाका सरळ पडतो. आनंद कोणाला सांगावा? ताई सात वाजताच झोपली.

रविवार, ३१ मार्च

उंदीर सापडला नाही.

कपाट ओढलं, पेटी ओढली, शेवटी पलंगाखाली वाकले. तिथे एक पिशवी होती. पिशवीत कापसाचे बोळे, पट्ट्यांचे तुकडे, पिवळे-तपकिरी. वास त्यांचा होता.

ताई खुर्चीत झोपलेली. मी खाली बसून हळूच तिची उजवी सपाता काढली. पट्टी ओली होती. पट्टी सोडली तरी ती जागी झाली नाही, म्हणजे तिला दुखतही नव्हतं. करंगळी काळी. शेजारचं बोट सुजून जांभळं, त्याच्या खाली जखम. पायावर लाली घोट्यापर्यंत चढलेली.

मी ओरडले नाही. ही वही आणली आणि तिच्या पायाशी बसून पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखी. दुपारची झोप. रात्री तीन-चारदा उठणं. सपाता. तहान. दिवा कमी. छपाई खराब. पोलकं ढिलं. समोरच्या मधुमेहाच्या खोलीच्या तक्त्यावरची एकेक ओळ. तेवीस वर्षं मी त्या तक्त्यासमोर बसले. घरात पेशंट एकच, अशी माझी समजूत. तिच्या प्रत्येक गोष्टीचं कारण मीच असणार, असा माझा थाट.

ताई जागी झाली. पाय ओढून घ्यायला लागली. मी घोटा धरून ठेवला.

"ठेच लागली होती. बरं होईल."

"कधी?"

"झाले तीनेक आठवडे."

"उद्या सकाळी दवाखान्यात."

"मी तिथे पडले तर तुझ्याकडे कोण बघणार?"

"मी," मी म्हटलं. 

मग म्हणाली, "सोमवारी गर्दी असते." पण आवाजात जोर नव्हता.

मालकांना फोन केला. सकाळी साडेसहाला त्यांची कागदाची गाडी आम्हाला न्यायला येतेय. आता झोपायलाच हवं. उद्या मी झोपलेली असणं गरजेचं आहे.

सोमवार, १ एप्रिल

सगळं क्रमाने लिहिते.

सातला पोचलो. ताईचा केसपेपर नव्हताच. माझी फाईल वीतभर जाड आणि तिच्या नावाचा एक कागदही नाही. नवा काढायच्या रांगेत पंचेचाळिसावा नंबर. खिडकीपाशी पोचले तेव्हा कारकून म्हणाला, "मधुमेहाची ओपीडी गुरुवारी. आणि आधी जनरलची चिठ्ठी लागेल. जनरलचे आजचे नंबर संपले."

ताई बाकावर मान टाकून बसली होती. मी तिला नाव विचारलं तर तिने आईचं नाव सांगितलं.

मला माहीत होतं की अपघात विभागाला नंबर लागत नाही. चाकांची खुर्ची कुठे ठेवतात तेही माहीत होतं, कारण एकदा मलाच तीत घालून नेलं होतं. आणली, ताईला बसवलं, ढकलत नेली.

तिथे एक तरुण डॉक्टर होते. पाय बघून ताईला विचारलं, "कधी लागलं?"

ताई म्हणाली, "परवा."

डॉक्टरांनी पट्टी बांधायला सांगितली आणि कागदावर गोळ्या लिहायला घेतल्या. मी म्हटलं, "परवा नाही, तीन आठवडे झाले. आणि तिची साखर तपासा."

"तुम्ही कोण?"

मी उत्तर द्यायच्या आत दारातला शिपाई म्हणाला, "या जुन्या इमारतीतल्या. मनोविकारच्या. नेहमी येतात."

मग डॉक्टरांचा आवाज बदलला. हा बदल मला चांगला ओळखता येतो. आवाज मोठा होतो, शब्द हळू होतात, आणि माणूस तुमच्या डोक्यावरच्या भिंतीशी बोलायला लागतो. "घाबरू नका हं, बाई. बसा तिकडे. यांच्याबरोबर दुसरं कोणी आलंय का?"

मला रडू येत होतं आणि रडले तर संपलं, हेही माहीत होतं. मी वही उघडली.

"मला ऐकू नीट येतं," मी म्हटलं. "मला आजार आहे, गोळी चालू आहे, रक्त वीस तारखेला तपासलंय, प्रमाण बरोबर आहे. आता पेशंटचं ऐका. सात मार्च, दुपारी झोप. अकरा मार्च, रात्री तीन-चारदा उठणं, घरात सपाता. पंधरा मार्च, सकाळी नऊला दिसत नाही, पाण्याचा जार दुपारी रिकामा. चोवीस मार्च, पोलकं दोन बोटं ढिलं, वाचता येत नाही, खोलीत वास. काल मी पट्टी सोडली तर तिला जाग आली नाही. आज सकाळी तिने स्वतःचं नाव चुकीचं सांगितलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. वही मागितली, स्वतः वाचली. मग ताईच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्राकडे बघितलं. साखर पाचशे बारा.

त्यानंतर सगळेच पळायला लागले. 

शस्त्रक्रियेचे डॉक्टर अकराला आले. त्यांचं बोलणं सरळ होतं. दोन बोटं गेलेली आहेत, ती उद्या सकाळी काढायची. थांबलो तर पाऊल, आणखी थांबलो तर गुडघा. ताईला नीट शुद्ध नाही, तेव्हा संमती नातेवाइकाने द्यायची. फॉर्मवर ओळ होती, जबाबदार नातेवाईक.

फॉर्म घेणारा कारकून म्हणाला, "तुमची सही चालायची नाही. पुढे काही झालं तर आम्ही उत्तर काय देणार? दुसरं कोणी आणा."

"दुसरं कोणी नाही."

"मग साहेब येईपर्यंत थांबा."

"कधी येतील?"

"येतील."

थांबले नाही. आवार ओलांडून जुन्या इमारतीत गेले. माझी तारीख नव्हती, खिडकीने आत सोडलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. दोन तास. दीडला त्या बाहेर आल्या, मला बघून थबकल्या. मी सगळं सांगितलं, एका दमात, पण क्रमाने.

त्या तिथेच बाकावर बसल्या आणि चिठ्ठी लिहिली. पेशंट गेली अकरा वर्षं स्थिर आहे, निर्णय घ्यायला समर्थ आहे. देताना म्हणाल्या, "खरं म्हणजे माझ्या चिठ्ठीशिवायही तुमची सही सहीच आहे. पण आज वाद घालायला वेळ नाही. तो नंतर घालू, दोघी मिळून."

तीन वाजता सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. कारकून त्या सहीकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "थरथर गोळीची आहे. सही माझी आहे."

मंगळवार, २ एप्रिल

दोन बोटं काढली. पाऊल वाचलं. साखर उतरतेय.

ताई गुंगीत "ठमे, गोळी घेतलीस का?" असं दोनदा म्हणाली.

नव्हती घेतली. कालही नाही, आजही नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

मंगळवारी गोळी विसरल्याचं कळलं. पायरीवर बसून घेतली. आता फोनवर गजर लावलाय.

वॉर्डात नियम असा की पेशंटजवळ रात्री नातेवाईक हवाच. मंगळवारी थांबले, स्टुलावर. डोळ्याला डोळा नाही. काल सकाळी माझं बोलणं जरा जोरात व्हायला लागलं होतं, सगळं फार लख्ख दिसत होतं. ही लख्खता मला ठाऊक आहे. ती दोन दिवस गोड असते.

म्हणून काल संध्याकाळी परिचारिकांकडे गेले. सांगितलं, मला रात्री घरी झोपलंच पाहिजे, तेही माझं औषध आहे. नाही झोपले तर चार दिवसांत तुम्हाला आणखी एक खाट लागेल. सकाळी सहाला मी हजर. 

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सासू ऐकत होती. म्हणाली, "बहिणीचा पाय कापला आणि ही निघाली झोपायला. काय एकेक माणसं."

लागलं. फार लागलं. जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. मग ताईकडे बघितलं. ती जागी होती, सगळं ऐकलं होतं तिने. हाताने 'जा' अशी खूण केली.

गेले. साडेसात तास झोपले.

मंगळवार, ९ एप्रिल

ताई शुद्धीवर आली म्हणजे पूर्णच आली. चादर नीट घातली नाही म्हणून वॉर्डातल्या बाईंना कचेरीतल्यासारखं सुनावलं. जेवण बेचव, डॉक्टर पोरसवदा, माझे केस विस्कटलेले. ऐकून बरं वाटलं.

पण इन्सुलिनचं नाव काढलं की तोंड फिरवते. दिवसातून दोनदा, जन्मभर. सुईला घाबरते ती. ही गोष्ट मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळली. माझं रक्त काढताना दर वेळी खिडकीबाहेर बघायची, मला वाटायचं कंटाळलीय.

"मी देईन," मी म्हटलं.

"तुझे हात बघ आधी."

परिचारिकाही माझ्या हाताकडेच बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, मला एकदा दाखवा. मग बाइंडिंगला टेकवते तसं मनगट ताईच्या मांडीवर टेकवलं, चिमटीत कातडी धरली, आणि टोचलं. सरळ गेलं.

ताईने डोळे घट्ट मिटले होते. म्हणाली, "झालं की सांग."

"झालं कधीच."

"खोटं बोलतेस."

रविवार, १४ एप्रिल

घरी आणलं. मालकांनी आणि त्यांच्या गाडीवाल्याने खुर्चीसकट जिना चढवला.

संध्याकाळी मी विचारलं, का लपवलंस.

तिने पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "सात वर्षांपूर्वी कचेरीत तपासणी झाली होती. तेव्हाच साखर निघालेली."

सात वर्षं.

"एका घरात एक आजारी चालतो, ठमे. दोन झाले की लोक विचारायला लागतात, यांचं कोण बघतं? मग तुला ते कुठेतरी ठेवायला सांगतील. गेल्या खेपेला तू तिथल्या जाळीमागून बघत होतीस ते मी विसरलेले नाही. म्हटलं, आपण नाव काढायचं नाही. मग नाव न काढायची सवयच लागली."

मी तिला रागावणार होते. वाक्यं तयार होती, दवाखान्यात स्टुलावर बसून जुळवलेली. मी तिचा चष्मा पुसून दिला. तो स्वच्छच होता.

आणखी एक खरं लिहायचं तर, मला थोडा अभिमानही वाटला. माझ्यासाठी कोणी सात वर्षं खोटं बोललं. हे वाटणं चुकीचं आहे, हेही कळतं. या असल्या प्रेमापायी तिची दोन बोटं गेली.

सोमवार, २२ एप्रिल

हिशेब करून बघितलं. सोमवारी ताईचं ड्रेसिंग. बुधवारी माझा विभाग, सध्या दर आठवड्याला. गुरुवारी तिचा मधुमेह. शुक्रवारी तिचे डोळे. एकच आवार, चार दिवस, चार रांगा. कामाला जाणार कधी? आणि एका पायावर तिला चारदा जिना उतरवायचा कोणी?

ताई म्हणाली, "असंच असतं. करायचं." मी म्हटलं, असंच असतं ते कुणीतरी ठरवलेलं असतं.

अर्ज लिहिला, दोघींचं सगळं एकाच दिवशी द्या असा. म्हणजे मी सांगितलं आणि ताईने लिहिला. तीस वर्षं तिने लोकांचे अर्ज वाचलेत, कुठला अर्ज कचरापेटीत जातो ते तिला बरोबर माहीत. माझी पाच वाक्यं रडकी म्हणून कापली. "मागायचं काय ते पहिल्या ओळीत. दुःख शेवटी, तेही एकच."

अधीक्षकांच्या कचेरीत दिला. पोच मागितली. बाई म्हणाल्या, पोच देत नाही. मी म्हटलं, मग मी बसते. चाळीस मिनिटांनी शिक्का मिळाला.

शुक्रवार, ३ मे

उत्तर नाही. आज तिसऱ्यांदा गेले. आता तिथल्या बाई मला बघितलं की स्वतःच स्टूल पुढे करतात.

मंगळवार, ७ मे

मधुमेहाच्या डॉक्टरांनी ताईला बुधवारी बघायचं मान्य केलंय, माझ्याच दिवशी. डोळेही बुधवारीच. ड्रेसिंगचं जमणार नाही म्हणाले, ते सोमवारीच. चारातले दोन दिवस सुटले. इतरांसाठीही करा म्हटलं तर म्हणाले, "सगळ्यांनी मागितलं तर कसं होईल?" 

"सोपं होईल," मी म्हटलं.

अर्जाची नक्कल बाकावरच्या तिघांना दिलीय. एकाचा भाऊ माझ्यासारखा, आणि त्याला दम्याचाही त्रास आहे. दुसऱ्या बाई स्वतःच्याच दोन फायली घेऊन फिरतात.

सोमवार, २० मे

चार दिवस झोप कमी होत चाललीय. सात तास, सहा, पाच, काल चार. काम खूप सुचतंय. मालकांना आज सांगून बसले की आपण रंगीत कापडी बाइंडिंगचा नवा विभाग काढू, तीन बायका ठेवू. बोलत असताना त्यांचा चेहरा बघितला आणि गप्प झाले.

हे मी स्वतः लिहिते आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही.

घरी येऊन ताईला म्हटलं, "माझं बिघडायला लागलंय."

तेवीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. आजवर तिनेच ओळखायचं आणि मी नाकारायचं असा रिवाज होता. ताईने काठी घेतली. "घाबरलीस?"

"हो."

"चल मग."

बुधवारची वाट बघितली नाही. टॅक्सीने गेलो, ती लंगडत, मी भरभर बोलत. शोभायात्राच. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, झोपेचं औषध दिलं, दोन आठवडे कामावर जायचं नाही म्हणाल्या. भरती व्हायची गरज नाही. वेळेत आलात, असंही म्हणाल्या.

मालकांना फोनवर सांगताना रडू आलं. मला वाटलं, गेलं काम. ते म्हणाले, "दोन आठवडे ना? मग तीन तारखेला ये. तो नवा विभाग मात्र आपण काढायचा नाही."

सोमवार, २७ मे

जड. सगळं पाण्याखाली असल्यासारखं. पण झोपते. ताईला दोन वेळा टोचते. ती गोळीच्या वेळी पेला पुढे करते. आज एवढंच.

सोमवार, ३ जून

परत कामावर.

सकाळी निघताना लक्षात आलं, आता पूर्ण दिवसाचं ठरलंय, म्हणजे दुपारच्या जेवणाआधीच्या इन्सुलिनला मी घरी नसेन. हल्ली डॉक्टरांनी दोनातली एक वेळ बदलून दुपारची दिलीय. मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत धावत येते. ताई म्हणाली, "वीस मिनिटं जायला, वीस यायला. आणि खायचं काय, हवा?" मग काठीशी चाळा करत म्हणाली, "मी बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते. निघ."

सकाळभर हात कागदावर आणि जीव घरी. घड्या एकशे साठच झाल्या.  

एकला त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि माझ्यासमोर धरला.

"टोचलं," ताई म्हणाली.

"सरळ गेलं?"

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा गेलं." तिचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. "डोळे उघडे ठेवले होते. ठेवावेच लागतात." मग म्हणाली, "ठेवते."

पण फोन ठेवला नाही. मीही नाही. तिच्याकडे भांड्याचा आवाज झाला, म्हणजे ताट वाढून घेत असावी.

मालकांनी विचारलं, "फोन लागणार आहे का अजून?"

मी म्हटलं, "हो, जरा."